स्मार्ट सिटीच्या वहीत आपले नाव आहे काय?

'स्मार्ट सिटी' हा शब्द आता शाळकरी मुलालाही ठाऊक झाला आहे. चौकात कॅमेरा बसला की तो स्मार्ट, खांबावर नवा दिवा लागला की तो स्मार्ट, आणि रस्ता खणून ठेवला तरी त्याच्या कडेला पाटी त्याच नावाची, असा प्रकार गेली दहा वर्षे आपण पाहत आलो आहोत. या योजनेवर अधिकारी बोलले, तंत्रज्ञ बोलले, बांधकाम व्यावसायिकांनी जाहिराती दिल्या. परंतु स्टेशनबाहेर केळीची हातगाडी लावणारा, जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर शिलाई मशीन चालविणारा किंवा मोबाईल दुरुस्तीची टपरी टाकून बसलेला माणूस या नव्या शहरात कोठे बसतो, याचा विचार फार थोड्यांनी केला. व्यापार-उद्योगाच्या या पानावर आम्ही हा विषय गल्ल्याच्या बाजूने पाहणार आहोत.

त्यासाठी आम्ही ठाकुर्लीचे उदाहरण घेतले आहे. डोंबिवली आणि कल्याण या दोन गजबजलेल्या स्टेशनांच्या मधले हे लहान स्टेशन. येथे घाऊक बाजार नाही की नावाजलेली पेठ नाही. संध्याकाळी लोकलमधून उतरणारा नोकरदार घराकडे जाता जाता भाजी, फळे, पाव, अंडी घेतो, त्यावर येथला किरकोळ धंदा चालतो. मोठ्या शहराची योजना लहान माणसापर्यंत पोहोचली की नाही, हे अशा लहान ठिकाणीच कळते.

योजना काय होती?

केंद्र सरकारने २५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी अभियान सुरू केले. देशातील १०० शहरे टप्प्याटप्प्याने निवडली गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या २७ शहरांच्या यादीत कल्याण-डोंबिवली आणि ठाणे ही आपल्या जिल्ह्यातील दोन्ही नावे होती. नाशिक, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही शहरेही त्याच यादीत आली. प्रत्येक शहराला केंद्राकडून पाच वर्षांत ५०० कोटी रुपयांपर्यंत निधी आणि तितकीच भर राज्य व महापालिकेने घालावयाची, असा हिशेब होता. काम महापालिकेच्या नेहमीच्या खात्यांकडे न देता त्यासाठी वेगळी कंपनी काढावयाची अट होती. त्याप्रमाणे 'स्मार्ट कल्याण डोंबिवली डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड' ही कंपनी स्थापन झाली. अभियानाला मुदतवाढ मिळत गेली आणि ३१ मार्च २०२५ रोजी ते संपले.

या योजनेचे दोन भाग होते. एका निवडक भागाचा संपूर्ण कायापालट करावयाचा, हा पहिला. काही सोयी संगणकाच्या साह्याने साऱ्या शहराला पुरवावयाच्या, हा दुसरा. कल्याण-डोंबिवलीत पहिल्या भागाचा मोठा वाटा कल्याण स्टेशन परिसराकडे गेला. गर्दी पाहता ते गैर नाही. पण ठाकुर्लीच्या दुकानदाराच्या दृष्टीने कायापालट एक स्टेशन पुढे झाला, आणि त्याच्या वाट्याला काही आलेच तर ते दुसऱ्या भागातून यावयाचे होते.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. २०२० च्या अखेरीस महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे निवडणूक झाली नाही. कारभार प्रशासकांच्या हाती होता. म्हणजे एकीकडे वेगळी कंपनी आणि दुसरीकडे नगरसेवक नाही, अशा काळात या योजनेचा पैसा खर्च होत होता. हातगाडीवाल्याने आपले गाऱ्हाणे न्यावे तरी कोणाकडे, हा प्रश्न त्या वर्षांत खरोखरीचा होता.

ठाकुर्लीला यंत्राचे नवल नाही

ठाकुर्लीला तंत्रज्ञान नवे आहे, असे मात्र कोणी समजू नये. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोहोचला. नंतर घाटातून पुण्याकडे विजेवर गाड्या चालविण्याचे ठरले, तेव्हा जी.आय.पी. रेल्वेने वीज निर्माण करण्यासाठी जागा निवडली ती ठाकुर्लीजवळच्या चोळे गावाची. १९२९ च्या सुमारास येथे कोळशावर चालणारे वीज केंद्र उभे राहिले. 'चोळा पॉवर हाऊस' हे नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. त्या काळच्या मानाने ते देशातले मोठे आधुनिक काम होते. वीज केंद्राबरोबर कामगार आले, रेल्वे वसाहत झाली, आणि कामगारांच्या पाठोपाठ किराणा, चहा, केशकर्तन, शिलाई असे धंदे आले. पुढे ते केंद्र बंद पडले. वस्ती राहिली, वाढली आणि धंदेही राहिले.

संगणकाच्या बाबतीतही कल्याण-डोंबिवली मागे नव्हती. या शतकाच्या सुरुवातीस या महापालिकेने आपला कारभार संगणकावर आणला आणि नागरी सुविधा केंद्रे उघडली. जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कर, पाणीपट्टी यांसाठी खिडकी-खिडकी फिरण्याचा त्रास कमी झाला. राज्यातील इतर पालिकांनी पुढे तोच कित्ता गिरविला. स्मार्ट सिटीचे नाव निघण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे, आणि तिचे श्रेय द्यावयास हवे.

पण या चांगल्या कामातूनच एक धडा मिळतो. संगणकाने सोय कोणाची केली? ज्याचे नाव आधीपासून महापालिकेच्या वहीत होते त्याची. घरमालकाचा कर वहीत होता, म्हणून तो झटपट भरला जाऊ लागला. हातगाडीवाला वहीत नव्हता, म्हणून संगणक आल्यावरही त्याला पहिल्यासारखेच गाडी ढकलत पळावे लागले. यंत्र कितीही महागडे असो, ज्याची नोंद नाही तो माणूस त्याला दिसत नाही. स्मार्ट सिटीच्या साऱ्या सामाजिक प्रश्नाचे मूळ आम्हाला येथे दिसते.

फेरीवाल्याची मोजणी

रस्त्यावर धंदा करणे हा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सांगितले की, वाजवी निर्बंध पाळून रस्त्याच्या कडेला व्यापार करणे हा राज्यघटनेने दिलेल्या व्यवसाय स्वातंत्र्याचाच भाग आहे. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २०१४ साली, संसदेने पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यातील चार गोष्टी प्रत्येक फेरीवाल्याने पाठ कराव्यात.

पहिली गोष्ट, महापालिकेने किमान पाच वर्षांतून एकदा सर्व विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावयाचे आहे. ते पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हटविता येत नाही. दुसरी, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावयाचे आहे. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. तेवढ्यावरच हिशेब केला तरी आकडा ३१ हजारांवर जातो. तिसरी, जागा बदलावयाची असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. नाशिवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि इतर माल कामाच्या दोन दिवसांत परत करावयाचा असतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोठे बसावयाचे आणि कोठे नाही, याचा विचार नगर पथविक्रेता समितीने करावयाचा आहे. या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावेत आणि त्यांतील एक तृतीयांश महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अपंग आणि अल्पसंख्याक यांनाही विक्रेत्यांच्या प्रतिनिधींमध्ये योग्य स्थान द्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. फळे, अंडी, भंगार, कपडे, घड्याळ दुरुस्ती या धंद्यांत आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांपैकी किती जणांना ही तरतूद माहीत आहे?

याच्या दुसऱ्या बाजूला रेल्वे प्रवाशाचा प्रश्न उभा आहे, आणि तो खोटा नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचे प्राण गेले. पुढे १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्टेशनापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसण्यास मनाई केली. जिन्यावर, पुलावर, बाहेर पडण्याच्या वाटेवर माल मांडणे धोक्याचे आहे, हे विक्रेत्यांनीही मान्य केले पाहिजे. प्रवासी सुखरूप घरी पोहोचला तरच तो उद्या गिऱ्हाईक म्हणून येणार.

पण ठाकुर्लीसारख्या लहान स्टेशनाभोवती १५० मीटरचे वर्तुळ काढले, तर लोकलच्या गर्दीवर चालणारा धंदा जवळजवळ सगळा त्यात सापडतो. तेथून उठविलेल्या माणसाला गिऱ्हाईक फिरकत नाही अशा कोपऱ्यात बसविले, तर तो चार दिवसांत परत येणार आणि पुन्हा पळापळ सुरू होणार. जेथे गिऱ्हाईक आणि विक्रेता वर्षानुवर्षे आपोआप भेटतात, त्याला २०१४ च्या कायद्याने 'नैसर्गिक बाजार' म्हटले आहे. असा बाजार हलवावयाचा झाल्यास गिऱ्हाइकाची वाट कोठून जाते, हे आधी शोधावे लागेल. स्मार्ट सिटीच्या नावाखाली होणाऱ्या संशोधनाने हे शोधावयास नको काय?

गाळेधारकाचीही तीच कथा

पक्क्या दुकानात बसलेल्याने असे समजू नये की हा प्रश्न फक्त हातगाडीचा आहे. स्मार्ट सिटी अभियान सुरू होऊन जेमतेम महिना उलटला होता. २८ जुलै २०१५ रोजी ठाकुर्लीत एक जुनी इमारत कोसळली आणि नऊ जणांचा बळी गेला. त्याआधी ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बेकायदा बांधलेली इमारत पडून ७४ माणसे मेली, ती जखम आपल्या वाचकांच्या मनात ताजी असेल. ज्या पट्ट्यात माणसे अशी गाडली जातात तेथे हुशार शहराचा पहिला धडा कोणता असावा, हे सांगण्याची गरज नाही.

जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर बहुधा दुकान, गिरणी, बेकरी किंवा शिलाईचे काम असते. इमारत धोकादायक ठरली की ती रिकामी करावी लागते, आणि करावीच. जिवापेक्षा धंदा मोठा नाही. परंतु रिकामी करताना भाडेकरूच्या हाती त्याच्या जागेच्या मापाचा कागद नसेल, तर नवी इमारत झाल्यावर त्याचा हक्क कोण मानणार? भाड्याची पावती नाही, करार नाही, वीजबिल दुसऱ्याच्या नावावर, अशा स्थितीत वीस-वीस वर्षे धंदा केलेली माणसे आहेत. त्यांची पत, त्यांचे गिऱ्हाईक, त्यांनी शिकविलेली पोरे, सारे त्या एका भिंतीला टेकलेले असते. म्हणून डोक्यावर छप्पर आलेल्यालाही प्रश्न तोच आहे: वहीत नाव आहे काय?

कॅमेरा कोणासाठी?

नोंद हवी, असे आम्ही म्हणतो. पण नोंद कोणाच्या हाती राहणार, हेही विचारले पाहिजे. कॅमेऱ्याने चोरी पकडली जाते, हरवलेले मूल सापडते, अपघाताचा पुरावा मिळतो. दुकानदाराला त्याचा फायदा आहे, म्हणून कॅमेऱ्याला सरसकट विरोध करण्यात अर्थ नाही. मात्र चित्रण किती दिवस ठेवतात, ते कोण पाहतो आणि त्याचा उपयोग कशासाठी होतो, हे नागरिकाला कळले पाहिजे.

कॅनडातील टोरोंटो शहराचा अनुभव येथे बोलका आहे. गूगलच्या मूळ कंपनीच्याच दुसऱ्या एका कंपनीने, साइडवॉक लॅब्जने, तेथे सरोवराकाठच्या सुमारे १२ एकर जागेवर संगणकावर चालणारी नवी वस्ती उभारण्याची योजना ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर केली. पैशाची वाण नव्हती, तंत्रज्ञान उत्तम होते. तरीही रहिवाशांनी एकच प्रश्न लावून धरला: आमची माहिती गोळा करणार कोण आणि तिचा मालक कोण? समाधानकारक उत्तर लोकांना शेवटपर्यंत मिळाले नाही. मे २०२० मध्ये कंपनीने योजना सोडून दिली. कारण मात्र कोरोनामुळे आलेल्या आर्थिक अनिश्चिततेचे दिले.

आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण सरकारी यंत्रणांना त्यात बऱ्याच सवलती आहेत. सामान्य माणसाच्या हाती २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज केला की ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवे. सरकारी पैशातून उभी राहिलेली स्मार्ट सिटी कंपनीही या कायद्यातून सुटत नाही.

संशोधनाने काय विचारावे?

शहराचे संशोधन म्हणजे केवळ यंत्रांची पारख, असा समज झाला आहे. तो बदलावयास हवा. प्रा. शरित भौमिक यांनी या शतकाच्या सुरुवातीला देशातील सात शहरांतील फेरीवाल्यांचा अभ्यास केला. मुंबई-अहमदाबादेतील बरेच फेरीवाले हे बंद पडलेल्या गिरण्या-कारखान्यांतून बाहेर फेकले गेलेले कामगार आहेत, आणि त्यांच्या स्वस्त मालावर गरीब व मध्यमवर्गीय कुटुंबांचा संसार चालतो, हे त्यातून पुढे आले. अशा अभ्यासाला फार यंत्रे लागत नाहीत. माणसाजवळ जाऊन बसावे लागते. पण त्याचा उपयोग पुढे राष्ट्रीय धोरण आखताना आणि कायद्याच्या चर्चेत झाला.

असे काम ठाकुर्लीत होऊ शकते. डोंबिवलीचे पेंढरकर महाविद्यालय जवळ आहे, कल्याणचे बिर्ला महाविद्यालय जवळ आहे. वाणिज्य आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी संध्याकाळच्या गर्दीत उभे राहून साधे प्रश्न विचारावेत. विक्रेता माल कोठून आणतो? दिवसाचे भांडवल कोणाकडून आणि कोणत्या दराने उचलतो? भाजी विकणाऱ्या बाईला दिवसभरात स्वच्छतागृह मिळते काय? दिवे लागल्यावर किती वाजेपर्यंत धंदा होतो? नवा पूल किंवा नवी वाट निघाल्यावर कोणाचे गिऱ्हाईक तुटले आणि कोणाचे वाढले? ही उत्तरे हाती नसताना काढलेला नकाशा कागदावर सुंदर दिसतो, पण रस्त्यावर टिकत नाही.

आपण काय करावे?

सरकारने काय करावे हे सांगून थांबणे सोपे आहे. पण व्यापारी माणूस दुसऱ्यावर विसंबून राहत नाही. म्हणून काही सूचना करतो.

१. फेरीवाल्यांनी सर्वेक्षणात नाव आले की नाही हे महापालिकेत जाऊन तपासावे. नाव नसेल तर लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी आश्वासनावर राहू नये.

२. पथविक्रेत्यांसाठी १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या 'पीएम स्वनिधी' योजनेत पहिला हप्ता १० हजारांचा होता. ऑगस्ट २०२५ मधील फेररचनेनुसार पहिला हप्ता १५ हजार, दुसरा २५ हजार आणि तिसरा ५० हजार रुपयांपर्यंत करण्यात आला व मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढविण्यात आली. कर्ज घ्यावे की नाही, व्याजाचा प्रश्न कसा पाहावा, हे ज्याने त्याने आपल्या विचाराने ठरवावे. नोंदणी मात्र केवळ कर्जासाठी नसते. प्रमाणपत्र हा धंद्याचा पुरावा आहे.

३. दुकानदार व कारागिरांनी गुमास्त्याची नोंद अद्ययावत ठेवावी. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी विनाशुल्क आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालापासून दूर राहावे.

४. भाड्याच्या गाळ्यात असाल तर भाडे पावतीने किंवा बँकेतून द्यावे. इमारत जुनी असेल तर जागेचे माप, फोटो, वीजबिल, कराची पावती यांची फाईल तयार करून घराबाहेर दुसऱ्या ठिकाणीही एक प्रत ठेवावी. इमारत धोकादायक ठरल्यास बाहेर पडण्याआधी जागेचे माप लेखी मागावे.

५. माल जप्त झाला तर हुज्जत न घालता यादी मागावी. यादी हाती असेल तरच पुढे दाद मागता येते.

६. आपल्या तरुणांनी या बदलात रोजगारही शोधावा. कॅमेरे, एलईडी दिवे, बॅटऱ्या, केबल, विजेवरची वाहने, सारे काही बसविणारा आणि दुरुस्त करणारा माणूस शहराला रोज लागतो. बसविण्याचे कंत्राट मोठ्या कंपनीला मिळते. पण देखभालीचे काम वर्षानुवर्षे चालते आणि ते स्थानिक हातांनीच होते. आयटीआयचा एखादा अभ्यासक्रम करून या कामात उतरता येईल.

७. एकट्याने फिरू नये. एका गल्लीतील दहा विक्रेत्यांनी, मग ते कोणत्याही जाती-धर्माचे असोत, एकत्र अर्ज दिला तर त्याची दखल घेतली जाण्याचा संभव वाढतो. बाजारात शेजारी हाच पहिला भागीदार असतो.

स्मार्ट सिटी अभियानाची मुदत संपली आहे; शहराचे काम संपलेले नाही. उद्या दुसऱ्या नावाने दुसरी योजना येईल आणि पुन्हा नवे नकाशे काढले जातील. त्या वेळी ठाकुर्लीचा केळीवाला, शिंपी आणि टपरीवाला यांची नावे महापालिकेच्या वहीत असतील, तर नकाशा काढणाऱ्याला त्यांच्यासाठी चौकोन आखावाच लागेल. म्हणून योजनेची वाट न पाहता या महिन्यातच आपापले कागद बाहेर काढावेत, जे कमी असतील त्यांची यादी करावी आणि शेजाऱ्यालाही त्याची आठवण द्यावी.